बुरुसात उरलेला रंग

पोशीसारखा सफेता वाटणारी बाई साऱ्या जव्हार संस्थानात नाही, असं कासम मिस्त्री छातीठोकपणे सांगायचा. आता कासम मिस्त्री असंही सांगायचा की त्याने रंगवलेला छकडा ओढताना बैल कमी दमतात. तेव्हा त्याच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, हे ऐकणाऱ्याने ठरवावं. पण पोशीच्या सफेत्याबद्दल तो खोटं बोलत नव्हता. पांढऱ्या भुकटीत अळशीचं तेल थेंबथेंब सोडत ती दगडी पाट्यावर अशी काही वाटायची की बोटांच्या चिमटीत धरलं तरी कण लागायचा नाही.

पोशी वावर गावाच्या पलीकडल्या एका वारली पाड्यातली. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिचा नवरा बाबल्या गेला. त्यानंतर ती लाकडाच्या मोळ्या घेऊन जव्हारला येऊ लागली. एकदा कासमच्या बायकोने, झरीनाने, तिची मोळी घेतली आणि प्यायला पाणी दिलं. त्याच सुमारास कासमचा रंग वाटणारा गडी मुंबईला पळाला होता. पोशी पाणी पिता पिता पाट्यावरचा अर्धवट वाटलेला रंग बघत राहिली आणि कुणी न सांगता वरवंटा हातात घेऊन बसली. तिथपासून ती कासमच्या कारखान्याचीच झाली. कारखाना म्हणजे काय, तर घराच्या बाजूला काढलेली कौलारू पडवी. तिथे टांगे, छकडे, दरवाजे रंगायचे. दसरा जवळ आला की दरबारच्या पालख्यांना नवा हात मिळायचा. पावसाळ्यात तेलाचा रंग वाळत नाही, म्हणून कारखाना बंद. तेव्हा पोशी पाड्यावर भावाच्या शेतात भात आणि नागली लावायला जायची, आणि दिवस कोरडे झाले की परत यायची.

ती बोलायची कमी. सुरुवातीला झरीनाला वाटलं, बाईला मराठी येत नसेल. मग कळलं, येतं. पण बोलायचं नसतं.

त्याला कारण होतं. बाबल्या होता तेव्हा पोशी पाड्यातली चौक लिहिणारी होती. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात, आणि तो लिहायचा सवाशिणींनी. जिचा नवरा जिवंत आहे तिनेच लिहायची काडी धरायची. पोशीचा हात इतका चांगला की आसपासच्या पाड्यांतून तिला बोलावणं यायचं. बाहेरची चौकट ती एका दमात लिहायची. आतली देवी, बाशिंगं, झाडं, माणसांच्या माळा, पंचशिऱ्या देवाचा घोडा. सगळं असं, की बघणाऱ्याला वाटावं हे भिंतीत आधीच होतं, हिने फक्त वरची माती बाजूला केली.

बाबल्या गेला आणि ते संपलं. कुणी तिला हाकललं नाही. हाकलावं लागतच नाही. पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं ते जेवायला, लिहायला नाही, एवढंच. दुसरं घर कर म्हणून भाऊ मागे लागला होता. त्यालाही कुणाची ना नव्हती; पण पोशीचं मन नव्हतं. ती लग्नघरात जायची, भिंतीकडे पाठ करून बसायची, जेवून उठायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हात मेला माझा." हे ती इतक्यांदा बोलली की तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

कासमच्या पडवीत एक जुनी दाराची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. कामाच्या शेवटी बुरुसात जो रंग उरतो तो त्या फळीवर पुसायचा, मग बुरूस घासलेटात धुवायचा, असा रिवाज. पण कासमच्या उस्तादाने त्याला सांगून ठेवलं होतं की बुरूस फुकट पुसायचा नाही. उरलेल्या रंगात काहीतरी काढायचं. पान, पोपट, घागर, जे सुचेल ते. आणि बुरूस कोरडा पडेपर्यंत हात थांबवायचा नाही, मागे बघायचं नाही. झालं की बघायचं, हसायचं किंवा शिव्या घालायच्या, आणि सकाळी चिंधीने फळी साफ. दिवसभर चाकांवर पट्टे मारून हात लाकडासारखा होतो, तो अशाने मऊ राहतो, असं उस्तादाचं म्हणणं. कासम रोज मोर काढायचा. त्याचा मोर सदा कोंबड्यासारखा दिसायचा, पण तो भाग वेगळा.

बुरूस पुसायचं काम पोशीकडे आलं तेव्हा ती फळीवर सरळ पट्टे ओढून मोकळी होऊ लागली. वर खाली, वर खाली, झालं. कासमला ते बघवेना.

"अगं पोशी, रंग काय बापाचा आहे? मारून टाकतेस नुसता. काहीतरी काढ की त्याचं."

"माना नाय येत."

"मला तरी कुठे येतं! मोर बघ माझा."

पोशीने मोर बघितला. मग बुरूस घासलेटात बुडवला.

असं दोन पावसाळे चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी पोशीची लेक सुकरी पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. सुकरीचं लग्न गेल्या वर्षी मोखाड्याच्या बाजूच्या पाड्यात झालं होतं. नवरा भला होता, घर खाऊनपिऊन होतं. तरी पोरीचा चेहरा उतरलेला.

"आये, दिराचं लगीन धरलंय माघात," ती म्हणाली. "सासू सगळ्या पाड्याला सांगत फिरतं, यंदा चौक आपल्याच घरची लिवणार. पोशीची लेक आणलीय म्हणतं." आणि मग रडू आवरत, "माना तर एक रेघ येत नाय."

पोशीने वरवंटा बाजूला ठेवला आणि तिला जवळ बसवलं.

ही गोष्ट तिच्या कधी ध्यानात आली नव्हती असं नाही. तिने ती ध्यानात येऊ दिली नव्हती. पोरी चौक लिहायला शिकतात ते आईच्या कुशीला उभ्या राहून. आई चौकट लिहिते, पोर कडेचे ठिपके भरते; कुवार पोरींच्या मदतीला कुणाची हरकत नसते. पुढच्या लग्नात झाडाची पानं, त्याच्या पुढच्या लग्नात माणसं. वेगळं शिकवणं नसतं, सराव तर नसतोच. पिठाने उगाच कुणी लिहीत नाही, कारण पिठाने लिहिलं की देव येऊन बसतो, आणि देवाला उगाच कोण बसवणार? बाबल्या गेला तेव्हा सुकरी ठिपके भरण्याच्या वयाची होती. आई भिंतीला पाठ करून बसली, आणि पोर आईजवळ बसली. आता तिला सासरच्या भिंतीसमोर एकटीला उभं राहायचं होतं. पोशीचं नाव बुडालं असतं त्याचं पोशीला काही नव्हतं. पण परक्या पाड्यात, सगळ्यांच्या देखत, आपल्या लेकीचा हात हवेत थांबलेला तिला दिसू लागला.

पीठ तिला शिवायचं नव्हतं. शिवता आलं असतं तरी नुसतं शिकण्यासाठी ते वापरणार कसं? संध्याकाळी कासमने बुरूस पुढे केला. त्यात सफेता होता. पोशीने तो घेतला, फळीपुढे उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तेलाच्या रंगाने चौकटीची रेघ ओढली.

रेघ वाकडी आली. नुसती वाकडी नाही, घाबरलेली आली. गेरूची भिंत खरबरीत, काडीला धरून ठेवते. रंधा मारलेल्या फळीवर बुरूस साबणावरून घसरावा तसा घसरला. आणि हा रंग टाकल्या टाकल्या डोळ्यापुढे उभा. हात जरा कुठे अडखळला की तो अडखळलेला दिसलाच. पोशीने चिंधी घेऊन सगळं पुसून टाकलं.

"थांबलीस मध्ये," मागून कासम म्हणाला. "बुरूस कोरडा होईतो थांबायचं नाही. घाण झालं तर होऊ दे. सकाळी पुसायचंच आहे."

पोशीला त्याचा राग आला. बाईमाणसाच्या पाठीमागे उभं राहून शहाणपण शिकवायला याला सांगितलं कुणी? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतःच बुरूस मागून घेतला.

पुढे काय झालं ते एकदम झालं नाही. कितीतरी संध्याकाळी फळीवर नुसती घाण झाली. चौक जमेना म्हणून तिने चौकाचा नाद सोडला आणि समोर दिसेल ते काढू लागली. झरीनाची बकरी. बुरूस संपला तेव्हा बकरीला तीनच पाय झाले होते. झरीना तोंडाला ओढणी लावून हसली आणि म्हणाली, "चौथा उद्या दे हो तिला, नाहीतर दूध आटेल." दुसऱ्या दिवशी पोशीने आधी पाय काढले, मग बकरी. त्यानंतर तिने पाट्यावरून जाणाऱ्या मुंग्या काढल्या, तिठ्यावर उभा राहणारा टांगा काढला, तिपाईवर उकिडवा बसलेला कासम काढला. कासमने तो निरखून बघितला आणि आपलं पोट एवढं नाही असं शपथेवर सांगितलं.

हात येत होता. हे पोशीला कळलं ते एका साध्या गोष्टीवरून. दिवसा सफेता वाटताना ती, संध्याकाळी काय काढायचं, ते ठरवू लागली होती. इतक्या वर्षांत तिने संध्याकाळची वाट बघितली नव्हती. आणखी एक होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. या फळीवर देव बसणार नव्हता, म्हणून इथे भीती नव्हती. चौकात टांग्याला जागा नसते, कासमच्या पोटाला तर नाहीच. इथे सगळ्याला जागा होती. आपण चुकलो तरी कुणाचं लग्न अडत नाही, हे सुख तिला चौक लिहिणारी असताना कधी मिळालं नव्हतं. तिला त्याची थोडी लाजही वाटायची.

सुकरी बाजाराच्या दिवशी यायची, दिवाळीला तर माहेरपणाचं सांगून इथेच राहिली. मायलेकी फळीपुढे उभ्या राहायच्या. एक बुरूस आईचा, एक लेकीचा. पोशी चौकट काढून दाखवायची, देवी, झाडं, माणसं. सुकरी बघून काढायची. घोडा मात्र सुकरी आईचा बघून काढेना. तिला तिठ्यावरचा टांग्याचा घोडा आवडला होता, मान उंच ताणलेला. "देवाचा घोडा असा मिजाशी नसतं," पोशी सांगायची. सुकरी घोड्याची मान खाली करायची आणि बुरुसाने परत वर न्यायची. कासम दुरून दोघींचं बघायचा आणि आपला मोर काढायचा. मार्गशीर्ष सरता सरता सुकरीची चौकट सुटसुटीत येऊ लागली. पोशीला वाटलं, भागलं. आता पोर थांबायची नाही.

माघात लग्न आलं. पोशी मोखाड्याकडे गेली, ती लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून. घर माणसांनी भरलेलं. सुकरीची सासू, तिचं नाव हौशी, दारातच भेटली आणि हात धरून म्हणाली, "बेस केलंस, आलीस. तुझी लेक आज आमचं घर उजळवतं बघ." पोशी आत गेली आणि भिंतीपासून लांब, बायकांच्या मागे उभी राहिली. या वेळी तिने पाठ केली नाही.

माघी नावाची म्हातारी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणत होती. देवीला एकेक गाव सांगत बोलावत होती. सुकरीने पिठाच्या वाटीत काडी बुडवली आणि चौकटीची पहिली रेघ ओढली.

आणि रेघ दिसेना.

पोशीला एका क्षणात सगळं कळलं. तांदळाचं पीठ ओलं असताना भिंतीवर दिसतच नाही. पाण्याचा ओला माग तेवढा राहतो. वाळेल तसं ते पांढरं वर येतं. चौक लिहिणारी आंधळ्यासारखी लिहिते. काय लिहिलं ते तिला मागाहून दिसतं. पोशीला हे इतकं अंगवळणी पडलेलं की ते सांगायचं असतं हेच तिला सुचलं नाही. फळीवर रंग टाकल्या टाकल्या उभा राहायचा. सुकरी तेवढंच शिकली होती. आईने तिला सगळं शिकवलं होतं, फक्त न बघता पुढे जायला शिकवलं नव्हतं.

सुकरीने तीच रेघ पुन्हा ओढली. दिसली नाही म्हणून तिसऱ्यांदा. पीठ जास्त झालं, त्याचा ओघळ खाली आला. तोवर पहिली रेघ वाळून वर येऊ लागली होती, आणि तिच्या शेजारी दुसरी, जरा तिरकी. बायकांत कुजबुज सुरू झाली. "पोशीची लेक ना गं ही?" हौशीचा चेहरा पडला. सुकरीचा हात हवेत थांबला, आणि तिने मागे वळून आईकडे बघितलं.

पोशीला पुढे होऊन तिच्या हातातली काडी घ्यावीशी वाटली. दोन पावलांचं अंतर होतं. बोटं आपोआप चिमटीत आली होती, काडी धरावी तशी. हे एकदाच केलं तर? लेकीची लाज राहील. आणि मग या घरात काहीही वाईट झालं, पोर आजारी पडलं, गाय आटली, तर सगळं त्या काडीवर येईल. आणि तिच्यावर नाही, सुकरीवर येईल. ती जागची हलली नाही. पण ओरडली मात्र, आणि भर गाण्यात ओरडली.

"सुकरे! काडी सुकेतो थांबू नको! मागं बघू नको! दिसत नाय तर नाय दिसू दे, हात जाऊ दे पुढं!"

हौशी दचकली. माघीचं गाणं क्षणभर अडलं. तिने पोशीकडे बघितलं, सुकरीकडे बघितलं आणि गाणं पुन्हा उचललं, आधीपेक्षा मोठ्याने. सुकरीने डोळे पुसले, काडी बुडवली आणि लिहू लागली. हात भराभरा चालला. काडी सुकली की बुडवायची, पुन्हा सुटायचं. तिच्या मागून, जिथून तिचा हात पुढे गेला होता तिथून, चौक हळूहळू पांढरा वर येत होता. तिने वळून बघितलं नाही. बघत होती ती पोशी.

सगळा चौक उमटायला बराच वेळ गेला. चौकटीच्या एका कोपऱ्यात त्या तीन रेघांचा जाड फराटा राहिलाच. देवाचा घोडा उभा राहिला, तो मान उंच ताणून, थेट जव्हारच्या तिठ्यावरच्या टांग्याचा. पोरं हसली, मग बायका हसल्या.

"असला घोडा देवाला चालंल का?" हौशी म्हणाली. तिला अजून धीर नव्हता.

माघीने गाण्यातून श्वास घेतला. "देव काय रेघा मोजाया येतं? त्याला बसाया घोडा होवा. हा बेस पळंल."

आणि मग बायका भिंतीजवळ जाऊन बघू लागल्या, बोटं दाखवू लागल्या. सुकरी पिठाने माखलेले हात पुढे धरून दाराशी येऊन बसली. ती हसत होती.

पोशी चौकाकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, तिथे तिचा हात दिसेल. तो दिसला नाही. पोशीची रेघ लांब आणि शांत असायची. सुकरीची तुटक, घाईची, मध्येच उसळणारी. एका काडीत मावेल तेवढी एक, मग दुसरी. माणसं नाचत नव्हती, पळत सुटली होती. हे पोशीने शिकवलेलं नव्हतं. चांगलं होतं का? होतं. तिला आनंद झाला, आणि त्याच वेळी हातचं काही गेल्यासारखंही वाटलं. इतके दिवस ती मनाशी म्हणत आली होती की मला माझ्यासाठी काही नको, पोरीच्या हातात सोपवलं की सुटले. आणि पोरीने ते घेतलंच नव्हतं. तिने तिचं स्वतःचं आणलं होतं.

म्हातारी माघी शेजारी येऊन टेकली. ती पोशीच्या आईच्या वयाची, आणि पोशीने लिहिलेले कितीतरी चौक तिने गाऊन जागवलेले.

"पोरीचा हात बेस हाय," माघी म्हणाली. "पण तुझी रेघ नाय गं ती. तुझी गेली."

"नाय गेली," पोशी म्हणाली.

"मग कठं हाय?"

"माझ्यापाशी हाय."

हे बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. तिने चिमटीत धरलेली बोटं सोडली नव्हती.

माघी मायाळू होती, पण खोटं बोलणारी नव्हती. "मग लिवशील कठं, बाय? भिंत तर तुला कुणी देणार नाय."

"नाय दिली तर नाय," पोशी म्हणाली. "फळी हाय माझी. मी तिठ्यावरचा टांगा लिवीन. बकरी लिवीन. बाबल्याला लिवीन, मोळी बांधताना. त्याला अजून कुणी लिवलं नाय."